पुरात तग धरणारे भात

भाताला पाणी लागते, हे शेतीशी परिचय नसलेल्यासही ठाऊक असते. रोपाच्या बुडाशी वीतभर पाणी साचले असता भात जोमाने वाढते. परंतु तेच पाणी शेंड्यावरून गेले आणि आठवडाभर ओसरले नाही, तर बहुतेक वाणांची रोपे मरतात. ओडिशा, बंगाल, बिहार व आसाम येथील सखल खाचरांत हे संकट नेहमीचे आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने अतिवृष्टीचे प्रसंगही वाढत आहेत. म्हणून पुरात टिकणाऱ्या धान्याचा प्रश्न आज महत्त्वाचा झाला आहे.

बुडालेले रोप मरते का? वायूंचा प्रसार हवेच्या मानाने पाण्यात सुमारे १०,००० पट मंद होतो. त्यामुळे रोपास श्वसनासाठी प्राणवायू आणि अन्न तयार करण्यासाठी कार्बन डायऑक्साइड पुरेसा मिळत नाही. गढूळ पाण्यातून प्रकाशही अपुराच पोचतो. अशा वेळी रोपात निर्माण झालेला इथिलीन वायू आतच कोंडतो व त्याच्या प्रभावाने रोप भराभर उंच होऊन पाण्याबाहेर येऊ पाहते. या धडपडीत साठविलेले अन्न संपते. पाणी ओसरते तेव्हा रोप निस्त्राण होऊन आडवे पडते.

ओडिशातील एका देशी वाणातून निवडलेल्या 'एफआर १३ ए' या भाताची रीत याच्या उलट आहे. ते बुडताच आपली वाढ आवरते, अन्न राखून ठेवते आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटते. त्याचे उत्पन्न मात्र कमी असते. या गुणास कारणीभूत असलेले 'सब १ ए' हे जनुक नवव्या गुणसूत्रावर असल्याचे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत हा गुण 'स्वर्णा' या लोकप्रिय भारतीय वाणात संकराने आणण्यात आला. संकरित रोपांचा स्वर्णाशी पुनःपुन्हा संकर करावयाचा आणि इष्ट जनुक असलेली रोपे प्रत्येक पिढीत तपासून निवडावयाची, अशी ही पद्धती होय. 'स्वर्णा-सब १' हा वाण २००९ साली भारतात प्रसृत झाला.

२०११ साली ओडिशातील शेतकऱ्यांच्या शेतांवर त्याची परीक्षा झाली. दहा दिवस बुडालेल्या शेतांत स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक पीक आले. पूर नसता उत्पन्नात घट दिसली नाही. तेथील अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे पुरात सापडणारी सखल जमीन अधिक असल्याने, या वाणाचा लाभही त्यांना अधिक होतो, असे आढळले.

तथापि या गुणास मर्यादा आहे. सुमारे दोन आठवड्यांहून अधिक काळ बुडालेले पीक याने वाचत नाही. खाऱ्या पाण्यावरही हा उपाय नव्हे. त्यासाठी निराळे गुण निराळ्या वाणांत शोधावे लागतील. कमी उत्पन्नाचे म्हणून एफआर १३ ए टाकून दिले असते, तर हे जनुक हाती लागले नसते. यास्तव जुन्या वाणांचे बी जपणे, हे उद्याच्या अन्नाची तरतूद करण्यासारखेच आहे.