कार्डाला विचारा, मग मोजा

वारणानगरात इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर गेम बनवताना जे उमगत गेलं, ते असं:

१. ग्राफिक्स कार्डाचं नाव बघून कोड लिहू नका. गेम सुरू होतानाच डायरेक्टएक्स किंवा वल्कनमार्फत विचारा: रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र उजळणं) आहे का? मेश शेडर चालतात का? नावांची यादी कोडमध्ये कोंबली, तर पुढच्या वर्षीचं कार्ड तिच्यात नसतंच.

२. 'हो' म्हणजे 'झेपेल' नव्हे. जीटीएक्स १०६० हे २०१६चं कार्ड, मुलांकडे बहुतेक सेकंडहँड आलेलं. एप्रिल २०१९च्या ड्रायव्हरपासून त्याचं सहा जीबीचं मॉडेल रे ट्रेसिंगला होकार देतं. पण त्यासाठीचा खास भाग त्याच्या चिपमध्ये नाही. सगळा भार साध्या शेडरवर पडतो आणि चित्र अडखळतं. म्हणून फ्रेमला लागणारा वेळ मोजा.

३. नवी सोय आधी सजावट म्हणून येते. २०१८च्या नोव्हेंबरात 'बॅटलफील्ड ५'मध्ये रे ट्रेसिंगची प्रतिबिंबं आली, नको तर बंद करता येत होती. २०२४च्या डिसेंबरात आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'च्या किमान गरजांतच रे ट्रेसिंगचं हार्डवेअर आहे. कारण सरळ आहे: प्रकाशाच्या दोन पद्धती सांभाळायच्या म्हणजे प्रत्येक खोली दोनदा उजळायची, दोनदा तपासायची.

४. तरी जुनी वाट घाईने बुजवू नका. २०२३चा 'ॲलन वेक २' मेश शेडरवर बेतलेला. त्यात मॉडेलचे लहान तुकडे करून न दिसणारे तुकडे कार्डच आधी गाळतं. जीटीएक्स १० मालिकेत ही सोय नाही, तिथे गेम रखडला. मार्च २०२४च्या अपडेटने त्या कार्डांवर तो बराच सुधारला. हे काम मला फार मोलाचं वाटतं. त्या कार्डांपलीकडे खेळणारी माणसं होती.

५. काय गळालं तरी चालेल, हे आधी ठरवा. आमच्या वारणेत १९९८च्या 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पाने गावोगावी शेतकऱ्यांसाठी संगणक केंद्रं आली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने काही गावांत संगणकांऐवजी मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले. पडदा, कळफलक गेले. शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती मिळत राहिली. आमच्या गेममध्येही साधं कार्ड दिसलं की पाण्यातली प्रतिबिंबं आधी जातात, मग दूरच्या सावल्या. दाराआडून येणाऱ्या शत्रूची सावली मात्र आम्ही कुठल्याच सेटिंगला काढत नाही, कारण खेळणारा तिच्यावरूनच सावध होतो.