मध्य अक्षांशांतील आवर्त : उत्पत्ती आणि विकास

भूगोलाच्या तासाला ‘आवर्त’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडील विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ उभे राहते. हे स्वाभाविक असले, तरी उत्तरपत्रिकांतील पुष्कळ गोंधळ तेथूनच सुरू होतो. साधारणतः ३५ ते ६५ अक्षांशांच्या दरम्यान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारी जी वादळे युरोप, उत्तर अमेरिका व जपान यांचे हवामान घडवितात, ती निराळ्या कुळातील होत. उष्ण कटिबंधातील चक्रीवादळ उबदार समुद्रातून ऊर्जा घेते आणि त्याचा गाभा उष्ण असतो. मध्य अक्षांशांतील आवर्त जगतो तो मुख्यतः थंड आणि उबदार हवेतील तफावतीवर. हा भेद मनात पक्का धरूनच पुढील विवेचन वाचावे.

या वादळांचा अभ्यास केवळ जिज्ञासेपोटी सुरू झाला नाही. २६ ऑक्टोबर १८५९ च्या पहाटे ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्समधील अँगलसी बेटाच्या खडकांवर आदळून फुटले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नहून सुमारे दोन महिन्यांचा प्रवास करून ते लिव्हरपूलच्या अगदी जवळ येऊन ठेपले होते. वाऱ्याच्या जोरापुढे नांगरांचे साखळदंड एकामागून एक तुटले. सुमारे ४५० माणसे बुडाली. वाचलेल्यांत एकही स्त्री वा मूल नव्हते. ब्रिटिश हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय (डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासास गेला, त्याचेच हे कप्तान) यांनी ठिकठिकाणच्या नोंदी जमवून त्या वादळाचा मार्ग आखला. वादळ एका दिशेने सरकत जाते, तेव्हा तारायंत्राने पुढील बंदरांना आधी कळविता आले असते, हे त्यातून दिसले. १८६१ मध्ये त्यांनी बंदरांना वादळाचे इशारे देण्यास प्रारंभ केला. वादळ कोठे जाईल याचा अदमास येऊ लागला. ते मुळात का उत्पन्न होते, हे मात्र गूढच राहिले.

त्या गूढाचा मोठा उलगडा नॉर्वेतील बर्गेन या बंदरात झाला. पहिले महायुद्ध चालू होते. ब्रिटनकडून येणारी हवामानाची माहिती बंद झाली होती आणि तटस्थ नॉर्वेत धान्याची टंचाई भासत होती. शेतकऱ्यांना व कोळ्यांना अंदाज देता यावा म्हणून व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनी पश्चिम किनाऱ्यावरील निरीक्षणस्थानके कितीतरी पटींनी वाढविली. दीपगृहांचे रखवालदार आणि मच्छीमारही नोंदी पाठवू लागले. इतके दाट जाळे हाती आल्यावर नकाशावर पूर्वी न दिसलेली गोष्ट दिसू लागली. वारा आणि तापमान हळूहळू बदलत नाहीत, तर एका अरुंद रेषेवर एकदम बदलतात. व्हिल्हेल्म यांचे चिरंजीव याकोब यांनी १९१९ मध्ये आवर्ताच्या रचनेवरील आपला छोटासा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. युद्धभूमीवर दोन सैन्ये जेथे भिडतात त्या ‘आघाडी’चे नाव या रेषेला मिळाले, ते त्या काळाला साजेसेच झाले.

आता प्रत्यक्ष घडण पाहू. ध्रुवाकडील थंड, जड हवा आणि उपोष्ण प्रदेशातील उबदार, हलकी हवा यांच्या सीमेवर एखादी लाट उठते. लाटेच्या पूर्व अंगास उबदार हवा उत्तरेकडे घुसते व थंड हवेच्या पाठीवर हळूहळू चढते. ही उष्ण आघाडी. पश्चिम अंगास थंड हवा दक्षिणेकडे लोटते आणि पाचरीसारखी उबदार हवेखाली शिरून तिला वर फेकते. ही शीत आघाडी. उष्ण आघाडीचा उतार फार मंद असतो. शंभर-दोनशे किलोमीटर पुढे जावे तेव्हा ती एक किलोमीटर उंच होते. म्हणून पाऊस यायच्या कितीतरी आधी, आघाडीपुढे हजारएक किलोमीटरवर आकाशात पांढरे तंतुमेघ दिसतात. मग सूर्याभोवती खळे पडते, ढग दाटत व खाली उतरत जातात आणि संथ पाऊस लागतो. शीत आघाडीचा उतार अधिक उभा. तिच्यामागे सोसाट्याचा वारा, जोरदार सरी आणि अचानक गारठा येतो. ती जलद चालते, उष्ण आघाडीला गाठते आणि उबदार हवा जमिनीवरून पार उचलली जाते. या अवस्थेला ‘ऑक्लूजन’ म्हणतात. खालच्या थरांतील तफावत संपली की आवर्त भरून येऊ लागतो. जन्मापासून येथवर बहुधा काही दिवस लागतात.

चार अवस्थांची ही आकृती विद्यार्थी सुबक काढतात. परंतु मी एक प्रश्न विचारला की वर्ग शांत होतो. कमी दाबाच्या केंद्राकडे सर्व बाजूंनी हवा धावत असताना तो दाब आणखी कमी कसा होतो? भोक पडलेली नाव पाण्याने भरत जावी, तसे ते केंद्र काही तासांत भरून जायला हवे!

दाब म्हणजे डोक्यावरील हवेच्या स्तंभाचे वजन. एक हेक्टोपास्कल दाब घटला याचा अर्थ दर चौरस मीटरवरून सुमारे दहा किलोग्रॅम हवा निघून गेली. अक्षांश ६० वर २४ तासांत २४ हेक्टोपास्कल दाब उतरला, तर त्या आवर्ताला हवामानशास्त्रज्ञ ‘बॉम्ब’ म्हणतात. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवरील जवळपास अडीच क्विंटल हवा एका दिवसात नाहीशी झाली. ती वरून गेली. आठ-दहा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह नागमोडी वळणे घेत वाहतो आणि त्याच्या द्रोणीच्या पूर्वेस हवा फाकते. खालून जितकी हवा आत येते त्याहून अधिक वरून बाहेर जात असेल, तोवर दाब उतरतच राहतो. बर्गेनच्या मंडळींपाशी वरच्या हवेची पुरेशी निरीक्षणे नव्हती, हे ध्यानात घेता त्यांनी जमिनीवरून इतके ओळखले याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पुढे चार्नी (१९४७) व ईडी (१९४९) यांनी गणिताने दाखविले की, उत्तर-दक्षिण तापमानभेद पुरेसा तीव्र झाला की असा प्रवाह अस्थिर होतो आणि लहानशी लाट आपोआप वाढते.

ऊर्जेचा हिशेब त्याहून सोपा आहे. एका भांड्यात पडदा घालून एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस तेल ठेवावे आणि पडदा काढावा. पाणी खाली सरकते, तेल वर येते, एकूण गुरुत्वमध्य उतरतो आणि द्रव हिंदकळू लागतो. थंड हवा खाली व उबदार हवा वर जाताना हेच घडते. फक्त पृथ्वीच्या परिवलनामुळे ती हालचाल सरळ न होता चक्राकार होते. ढग बनताना बाष्पाची सुप्त उष्णता मोकळी होते, तिचीही भर पडते. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ गोठलेले खंड आणि उबदार गल्फ प्रवाह शेजारी असतात. म्हणून अनेक आवर्त तेथे जन्मतात व आइसलंड-नॉर्वेकडे जातात.

या कुळातील एक शाखा आपल्यापर्यंतही पोहोचते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ आणि पंजाबातील गव्हाला पाऊस देतात. क्वचित त्यांची वरच्या थरातील द्रोणी बरीच दक्षिणेकडे लांबते. खाली समुद्रावरून आलेली दमट, तापलेली हवा आणि वर थंड हवा असा योग जुळला की आपल्याकडे गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस व मार्चमध्ये महाराष्ट्रात दिवसेंदिवस झालेल्या गारपिटीने उभी पिके आणि फळबागा झोडपल्या, त्या वेळीही वरच्या थरांतील पश्चिमी वारे दक्षिणेकडे बरेच उतरले होते. मात्र दख्खनच्या जमिनीवर त्या वेळी उष्ण व शीत आघाड्या शोधू नयेत. येथे उरतो तो बहुधा वरच्या थरातील गारवा, आणि गारांना तेवढा पुरतो.