अस्सलपणाची मोहोर : एका ध्वनिपद्धतीचा वाद

गायन-वादनाचे ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ आणि ते घरी बसून ऐकणारा श्रोता यांच्यामध्ये नेहमीच कोणी तरी मध्यस्थ असतो. पूर्वी हे काम लाखेची तबकडी करीत असे, नंतर चुंबकीय फीत करू लागली. आता बहुतांशी ते इंटरनेटवरून येणारा अंकांचा प्रवाह करतो. मध्यस्थ कोणीही असो, श्रोत्याचा प्रश्न मात्र एकच असतो : तेथे जे वाजले, तेच येथे ऐकू येत आहे काय? २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत याच प्रश्नावरून पाश्चात्त्य ध्वनिरसिकांमध्ये मोठा वाद माजला. ‘मास्टर क्वालिटी ऑथेंटिकेटेड’ अर्थात एमक्यूए या नावाची पद्धत हे त्याचे निमित्त होते.

नमुने आणि बिट

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. अंकीय मुद्रणात हा चढउतार ठराविक कालांतराने मोजून त्याचे आकडे नोंदविले जातात. अशा प्रत्येक मोजणीस नमुना म्हणतात. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ मधील आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ मधील निबंधांनी ज्या नियमाचा पाया घातला, तो असा : ज्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी टिपावयाचा असेल, तिच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदास घेतले, तर मूळ लहर पुन्हा उभी करता येते. नमुना किती बिटांत नोंदविला आहे, यावर पार्श्वभूमीतील सूक्ष्म खरखर किती राहील हे ठरते.

मानवी कानास सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. म्हणूनच १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी दर सेकंदास ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास १६ बिट हे प्रमाण पुरेसे मानले गेले. दोन्ही वाहिन्या मिळून सेकंदास सुमारे १४ लाख बिट होतात. ध्वनिमुद्रणगृहात मात्र २४ बिट आणि दर सेकंदास ९६,००० किंवा १,९२,००० नमुने हे प्रमाणही वापरले जाते. यांतील सर्वांत मोठ्या प्रमाणात सेकंदास ९२ लाखांहून अधिक बिट वाहून न्यावे लागतात.

घडी घालण्याची युक्ती

श्रवणविज्ञानाचे अभ्यासक आणि मेरिडियन या ब्रिटिश कंपनीचे एक संस्थापक बॉब स्टुअर्ट यांनी गणितज्ञ पीटर क्रेव्हन यांच्या साहाय्याने या अडचणीवर एक उपाय योजला. डिसेंबर २०१४ मध्ये तो जाहीर झाला. त्यामागील विचार असा होता : २४ बिटांपैकी सर्वांत खालच्या बिटांत संगीत जवळजवळ नसतेच, तेथे खोलीची आणि यंत्रांची खरखर असते. दुसरीकडे, श्रवणमर्यादेच्या पलीकडील कंपने संगीतात असली तरी अतिशय क्षीण असतात. तेव्हा वरच्या पट्ट्यातील ही क्षीण माहिती दाबून खालच्या बिटांत ठेवली, तर मोठ्या कागदाची घडी घालून तो लहान पाकिटात बसविल्यासारखे होते. साध्या यंत्रावर ही घडी न उलगडताही संगीत वाजते; परवाना असलेले यंत्र ती उलगडते.

याखेरीज आणखी दोन दावे होते. अंकीय गाळण्यांमुळे ध्वनी कालदृष्ट्या किंचित फाकतो आणि कान या बाबतीत फार तीक्ष्ण असल्याने ही फाक सुधारली पाहिजे, हा एक. दुसरा अस्सलपणाचा : यंत्रावरील लहानसा दिवा लागला, म्हणजे ऐकू येणारे मुद्रण कलावंताने वा निर्मात्याने मान्य केलेलेच आहे, असे समजावे. टायडल या संगीतसेवेने जानेवारी २०१७ मध्ये ही पद्धत स्वीकारली. वॉर्नर, युनिव्हर्सल आणि सोनी या तिन्ही मोठ्या संगीत कंपन्यांनीही तिला संमती दिली. ध्वनियंत्रांना वाहिलेल्या काही प्रतिष्ठित नियतकालिकांनी तिची मुक्तकंठाने स्तुती केली.

आक्षेप

विरोधकांचा पहिला आक्षेप असा की, घडी घालताना काही माहिती कायमची गळते. मूळ मुद्रणातील प्रत्येक बिट परत मिळत नाही. ज्याच्याजवळ परवान्याचे यंत्र नाही, त्याच्या वाट्याला तर खालच्या बिटांतील संगीताऐवजी न उलगडलेली घडीच येते. दुसरा आक्षेप गरजेविषयी होता. प्रत्येक बिट जसाच्या तसा परत देणारी फ्लॅक ही खुली आणि विनामूल्य पद्धत २००१ पासून उपलब्ध होती, आणि इंटरनेटची वहनक्षमता वर्षानुवर्षे वाढत होती. तिसरा आक्षेप आर्थिक होता. मुद्रणापासून श्रोत्याच्या यंत्रापर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकाच कंपनीचा परवाना लागणार होता. ग्लासगो येथील लिन या यंत्रनिर्मात्या कंपनीने २०१७ मध्ये या कारणासाठी जाहीर विरोध केला.

परंतु सर्वांत गंभीर आक्षेप पडताळणीविषयीचा होता. घडी घालणारी प्रणाली स्वतंत्र परीक्षकांच्या हाती दिली जात नव्हती. २०२१ मध्ये एका परीक्षकाने स्वतः तयार केलेले चाचणीसंकेत वितरकामार्फत टायडलवर प्रसारित करविले आणि परत आलेले संकेत मूळ संकेतांशी ताडून पाहिले. दोहोंत फरक आढळला. असे संकेत संगीतासारखे नसतात आणि ही प्रणाली संगीतासाठीच रचलेली आहे, असे उत्तर कंपनीने दिले. हे उत्तर निराधार नव्हते; वरची कंपने क्षीण असतील, या गृहीतावरच घडी उभी होती. तथापि त्यामुळे ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ बदलला. मोहोर एका विशिष्ट प्रक्रियेची ग्वाही देत होती, मुळाशी तंतोतंत साम्य असल्याची नव्हे.

कानाची साक्ष

मग निर्णय कानानेच का करू नये? कारण कान अपेक्षेच्या अधीन असतो. किंचित मोठा आवाज अधिक चांगला वाटतो. महागडे यंत्र पाहिले की तेही अधिक मधुर वाटू लागते. म्हणून दोन्ही मुद्रणांची पातळी समान करून, कोणते वाजत आहे हे श्रोत्यास कळू न देता चाचणी घ्यावी लागते. मायर आणि मोरन यांनी २००७ मध्ये उच्च दर्जाचे मुद्रण थेट आणि मग कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणातून गाळून ऐकविले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीनेही याहून वेगळे काही हाती लागले नसते. चाचणीतील काही तबकड्यांचे मूळ मुद्रणच उच्च दर्जाचे नव्हते, असा आक्षेप यावर घेतला गेला. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांतील १२,००० हून अधिक प्रयत्नांचा एकत्रित विचार केला. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते लक्षणीयरीत्या अधिक होते. फरक असलाच तर तो अतिशय सूक्ष्म आहे, एवढेच यावरून म्हणता येते. यांतील कोणतीही चाचणी एमक्यूएची नव्हती. परंतु दिव्याकडे पाहून दिलेली पसंती पुरावा का ठरत नाही, हे त्यांवरून स्पष्ट होते.

किल्ली कोणाच्या हाती

कानांचा वाद मिटण्यापूर्वीच बाजाराने निकाल दिला. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या संगीतसेवेत बिट न गाळणारे उच्च दर्जाचे संगीत वेगळे मूल्य न घेता देण्यास प्रारंभ केला. एप्रिल २०२३ मध्ये एमक्यूए कंपनी आर्थिक अडचणीमुळे प्रशासकाच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडातील लेनब्रुकने तिची मालमत्ता विकत घेतली. जुलै २०२४ मध्ये टायडलने ही पद्धत सोडून फ्लॅकचा स्वीकार केला. ज्यांनी त्या दिव्यासाठी नवी यंत्रे घेतली होती, त्यांच्या यंत्रांवर संगीत वाजत राहिले. परंतु ज्या सेवेसाठी बहुतेकांनी ती घेतली, तेथे दिव्याला काही काम उरले नाही.

या प्रकरणातील गणित चतुर होते, आणि त्यातून उपस्थित झालेले श्रवणविषयक प्रश्न अद्याप अभ्यासनीय आहेत. परंतु ध्वनिमुद्रण ही केवळ करमणुकीची वस्तू नव्हे. दिवंगत कलावंताचा स्वर पुढील पिढीकडे पोहोचविण्याचे ते एकमेव साधन आहे. एखादा संग्रह कोणत्या पद्धतीत जतन करावयाचा, हे ठरविताना म्हणूनच दोन प्रश्न विचारले पाहिजेत. या पद्धतीतून मूळ अंक पूर्णपणे परत मिळतात काय? आणि ते मिळतात की नाही, हे कोणाचीही परवानगी न घेता कोणालाही तपासता येते काय?