संडासाचा खड्डा भरला, आता पुढे काय?

आमच्या वैराग भागात आता पुष्कळ घरांच्या परसात संडास दिसतो. २०१४ साली स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली. तीत संडास बांधणाऱ्या घराला सरकारने १२,००० रुपये दिले. भिंती उभ्या राहिल्या, पत्रे पडले, दारे लागली. पण एक प्रश्न मनातून गेला नाही. माणसे आम्हांला हळूच विचारतात, "गुरुजी, संडास बांधला खरा, पर खड्डा भरल्यावर उपसायचा कुनी?"

या एका भीतीपायी काय काय होते, ते पाहा. घरातल्या बायका संडासात जातात आणि बापे मात्र तांब्या घेऊन रानात जातात. का? तर खड्डा लवकर भरू नये म्हणून! कोणी दहा-बारा फूट खोल खड्डा खणतो आणि म्हणतो, "माझ्या हयातीत भरायचा न्हाई." तो भरत नाही, हे खरे. पण इतक्या खोल खड्ड्यातली घाण विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याजवळ जाते. मग तेच पाणी आपण हंड्यात भरतो.

म्हणून हा धडा. खड्डा उपसणे कठीण नाही. त्याची वेळ मात्र कळली पाहिजे.

आधी आपल्या घरी काय आहे ते ओळखा. संडासामागे दोन गोल झाकणे आणि मध्ये एक लहान चौकोनी चेंबर असेल, तर तो दोन खड्ड्यांचा संडास. एकच मोठी, लांबट, पक्की टाकी असेल आणि तिला वर नळी काढलेली असेल, तर ती सेप्टिक टाकी. दोघींची रीत निराळी आहे. एकीची रीत दुसरीला लावली, तर जिवावर बेतते.

दोन खड्ड्यांचा संडास

हा गरिबाला फार सोयीचा. प्रत्येक खड्डा साधारण सव्वातीन फूट रुंद आणि चार फूट खोल असतो. भिंतीच्या विटांत जाळीसारखी भोके ठेवतात. तळाला सिमेंट करत नाहीत. पाणी आणि वायू मातीत मुरतात, घट्ट मैला आत राहतो. पाच-सहा माणसांच्या घराला असा एक खड्डा सुमारे तीन वर्षे पुरतो.

मधल्या चेंबरात नळाला बेचक्यासारखे दोन फाटे असतात. एक फाटा पहिल्या खड्ड्याकडे, दुसरा दुसऱ्याकडे. एका वेळी एकच फाटा उघडा ठेवायचा. दुसरा गोणपाटाचा बोळा आणि चिखल घालून गच्च बंद करायचा. ही साधी गोष्ट पुष्कळ ठिकाणी राहून जाते. गवंडी दोन्ही फाटे उघडे ठेवून निघून जातो. मग दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि घरधनी म्हणतो, सरकारी संडास वाईट. तेव्हा आजच चेंबरचे झाकण उचला. कोणाला तरी भांड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगा. पाणी कोणीकडे जाते ते डोळ्यांनी पाहा.

पहिला खड्डा भरत आला, की बोळा काढून या फाट्याचा त्या फाट्यात घाला. आता मैला दुसऱ्या खड्ड्यात जाईल. पहिल्या खड्ड्याला मग हात लावायचा नाही. त्याला पुरी दोन वर्षे विसावा द्यायचा. कडबा आणि शेण उकिरड्यात कुजून खत होते, तसाच हा मैलाही आतल्या आत कुजतो. रोगाचे जंतू मरतात. जंतांची अंडी फार चिवट असतात, पण दोन वर्षांत तीही बहुतेक मरतात. उरते ती काळी, भुसभुशीत माती. तिला घाण वास येत नाही. आपले वाडवडील तिला सोनखत म्हणत, ते उगाच नव्हे.

दोन वर्षांनी झाकण काढा आणि थोडा वेळ वारा लागू द्या. पायांत बूट, हातांत रबरी मोजे घाला. फावडे आणि घमेले घेऊन माती काढा. माती ओली लागली किंवा वास आला, तर झाकण पुन्हा लावा आणि आणखी काही महिने थांबा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी चढत असेल, तरीही घाई करू नका. निघालेले खत तुरीला, लिंबाला, आंब्याला घाला. मेथी, कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खायच्या भाजीला मात्र नको. काम झाले की साबणाने हात धुवा.

हे काम हलके म्हणून कोणी नाक मुरडू नये. २०१७ सालच्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावी दिल्लीचे मोठे अधिकारी परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी हाताने खत काढले. ते तेव्हा केंद्र सरकारच्या पाणी आणि स्वच्छता खात्याचे सचिव होते. त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. ते अमक्या जातीचे काम, तुम्हांला नाही, असे उत्तर मिळाले. अप्पासाहेब अडून बसले. त्यांच्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपोषण केले. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात संडासाचे आणि सोनखताचे प्रयोग केले. आपल्या घरची घाण दुसऱ्या कोणा जातीने काढावी, हा हट्टच मोडायचा होता.

आता आपल्या काळ्या रानाविषयी. काळी माती पाणी लवकर पीत नाही आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून खड्ड्याच्या भोवती फूटभर जाड वाळू, खडी, विटांचे तुकडे भरतात. न्हाणीचे पाणी या खड्ड्यात सोडू नका. विहीर आणि बोअर निदान तीस फूट लांब हवेत, पन्नास असल्यास बरे. खाली फुटका खडक असेल, तर त्याहून लांब, कारण खडकाच्या भेगांतून घाण पळते.

सेप्टिक टाकी

ही टाकी तळापासून पक्की असते. आत मैल्याचे थर होतात. जड गाळ खाली बसतो, हलके ते सायीसारखे वर तरंगते, मधले पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर जाते. ते पाणी स्वच्छ दिसले, तरी घाणच असते. ते गटारीत सोडू नये, शोषखड्ड्यात सोडावे.

गाळ वाढत गेला, की तोच बाहेर वाहू लागतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी. वेळ आली की नाही, हे काठीने कळते. लांब काठीच्या खालच्या भागाला पांढरे जुने कापड गुंडाळा. काठी टाकीच्या तळापर्यंत सोडा. थोडे थांबून सावकाश वर काढा. कापड खालून जितके काळे झाले, तितका गाळ. आतल्या पाण्याचा तिसरा हिस्सा गाळ झाला, की उपसायची वेळ झाली. झाकण उघडताना तोंड त्यावर नेऊ नका आणि पोरांना लांब ठेवा.

आता नीट वाचा. शब्द अडला, तर पुन्हा वाचा.

सेप्टिक टाकीत माणसाने उतरायचे नाही. रिकामी दिसली तरी नाही. दोरी बांधून नाही, तोंडाला फडके बांधूनही नाही. टाकीत विषारी वायू साठतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू जास्त झाला, की नाकच बधिर होते आणि वास कळेनासा होतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो. मग त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. एका टाकीत दोन-दोन, तीन-तीन माणसे जातात, ती अशीच. कोणी पडलाच तर आत उडी घेऊ नका. १०१ आणि १०८ नंबरला फोन लावा.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. ती इथे चालत नाही. टाकीत पेट घेणारा वायूही असतो. कंदील, काडी, बिडी जवळ नेली तर भडका उडेल.

२०१३ साली देशाने यासाठी कायदा केला. बचावाची साधने न देता माणसाला टाकीत उतरवणे गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. असे काम करताना माणूस मेला, तर त्याच्या घरच्यांना तीस लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. तेव्हा पाचशे रुपये जास्त देतो, उतर, असे कोणी कोणाला म्हणू नये. आणि तुम्हांला कोणी म्हटले, तर सरळ नाही म्हणा.

मग उपसायची कशी? मैला ओढणारी गाडी येते. तिचा जाड पाइप वरूनच आत सोडतात. आषाढीला पंढरपुरात फिरते संडास तुम्ही पाहिले असतील. त्यांच्याखालची टाकीही अशीच गाडीने रिकामी करतात. गाडीवाल्याला आधी विचारा, "मैला कुठं टाकनार?" ओढ्यात म्हणाला, तर त्याला परत पाठवा. तुमचा ओढा खालच्या वस्तीला जातो. नगरपंचायतीने किंवा ग्रामपंचायतीने ठरवून दिलेल्या जागीच मैला गेला पाहिजे.

टाकी खरवडून धुऊ नका. तळाला थोडा गाळ राहू द्या, तो विरजणासारखा असतो. त्यातले जंतू पुढचा मैला कुजवतात. म्हणून संडासात फिनेल आणि ॲसिड वारंवार ओतू नये. भांडे राखेने किंवा साध्या साबणाने घासावे. चिंध्या, प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या आत टाकू नयेत. त्या कुजतही नाहीत आणि पाइपही अडवतात.

घरी करा

संडासाच्या आतल्या भिंतीवर चुन्याने किंवा रंगाने मोठ्या अक्षरांत असे लिहा:

पहिला खड्डा बंद केला: तारीख, महिना, साल.
पहिला खड्डा उघडायचा: तोच महिना, साल अधिक दोन.

टाकी असेल तर "टाकी उपसली" असे लिहून खाली साल घाला.

हिशेब: एका घराने १० जून २०२५ ला पहिला खड्डा बंद केला. तो कोणत्या दिवसापर्यंत उघडायचा नाही? दुसरा खड्डा तीन वर्षांत भरतो. तो भरेपर्यंत पहिला रिकामा करायला त्यांना किती दिवस मिळतील?