गाडीचा ताप

(उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार आपण अनेकदा पाहतो. जुन्या मोटारीचे इंजिन का तापते, त्याचे कारण कसे शोधावे आणि कोणती घाई टाळावी, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)



समजा, मे महिना आहे. शाळेला सुट्टी लागली आहे. तुम्ही मामूंच्या गाडीत बसून नागपूरहून मौद्याला निघाला आहात. मौदा हे कन्हान नदीच्या काठचे, नागपूर-भंडारा रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. मामू तिथेच राहतात. त्यांची मोटार जुनी आहे. पण लग्नसराईत ती भाड्याने जाते आणि तिच्या कमाईवर मामूंचे घर चालते.

दुपारचे दोन वाजले आहेत. तापमान ४५ अंश सेल्सिअस. रस्ता मोकळा आहे, त्यामुळे गाडी वेगात आहे. कन्हानचा पूल जवळ येतो, तेवढ्यात तुमचे लक्ष मामूंच्या समोरच्या काट्याकडे जाते. काटा तांबड्या खुणेला टेकला आहे. बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ येऊ लागते. मामू गाडी डाव्या कडेला घेतात आणि लगेच इंजिन बंद करतात. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन मदतीला धावता.

थांबा! रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

तुमच्या घरी प्रेशर कुकर असेल. शिट्टी होत असताना अम्मी कुकरचे झाकण उघडतात का? कधीच नाही. रेडिएटरचेही तसेच आहे. उघड्या भांड्यातले पाणी सुमारे १०० अंशांना उकळते. बंद रेडिएटरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी लवकर उकळत नाही. झाकण उघडताच दाब एकदम उतरतो. ते पाणी क्षणात उकळते आणि कारंज्यासारखे अंगावर उसळते. अशा पाण्याने कित्येकांचे हात आणि चेहरे भाजले आहेत.

दुसरी चूक म्हणजे तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे. गरम काचेच्या पेल्यात थंड पाणी ओतले तर पेला तडकतो. इंजिनाच्या धातूलाही तशीच चीर पडू शकते. म्हणून किमान अर्धा तास सावलीत बसा. इंजिन निवू द्या. महामार्गावर आपण एक पाटी नेहमी वाचतो : ‘अति घाई, संकटात नेई’. ती पाटी उभ्या गाडीलाही लागू पडते.

आता सावलीत बसल्याबसल्या एक प्रश्न सोडवू. इंजिन तापतेच का?

इंजिनात पेट्रोल जळते. जळताना त्या ठिकाणी क्षणभर २००० अंशांहून अधिक उष्णता असते. आतले दट्टे अॅल्युमिनियमचे असतात आणि अॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते! मग इंजिन टिकते कसे? पाण्यामुळे. जुन्या गाडीत पेट्रोलच्या शक्तीचा सुमारे चौथा हिस्साच चाकांच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेतील बरीचशी धुरावाटे जाते आणि बरीचशी पाणी वाहून नेते. पंप हे पाणी इंजिनाभोवती फिरवतो. तापलेले पाणी वरच्या नळीतून रेडिएटरमध्ये येते. तिथे ते बारीक नळ्यांतून खाली उतरते. पंख्याचा वारा त्याला गार करतो आणि खालच्या नळीतून ते पुन्हा इंजिनात जाते.

पहिल्या मोटारींत अशी सोय नव्हती. १८८८ मध्ये जर्मनीतील बर्था बेंझ ही धाडसी स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. त्या गाडीतले पाणी उकळून उडून जाई, त्यामुळे तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. पुढे रेडिएटर आला आणि तेच पाणी फिरून फिरून वापरता येऊ लागले.

पण रेडिएटर गार करणारी हवाच गरम असेल तर? हिवाळ्यात हवा १५ अंश आणि पाणी ९० अंश असेल, तर दोहोंत ७५ अंशांचा फरक असतो. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते आणि फरक ४५ अंशच उरतो. फरक कमी झाला की पाणी कमी गार होते. म्हणून हिवाळ्यात लपून राहिलेला दोष आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात उघडा पडतो. ऊन त्या दोषाला जन्म देत नाही, फक्त त्याला बाहेर काढते.

एवढ्यात जवळच्या दुकानातला एक मिस्त्री येतो. तो गाडीकडे नजर टाकतो आणि म्हणतो, “इंजिन गेले. हेड उघडावे लागेल.” मामूंचा चेहरा उतरतो. हेड उघडायचे म्हणजे सगळ्या लग्नसराईची कमाई घालवायची.

मित्रांनो, इथेच खरा धडा आहे. ताप हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. चांगला हकीम ताप पाहून लगेच औषध देत नाही. तो आधी नाडी पाहतो आणि प्रश्न विचारतो. ताप केव्हा चढतो? केव्हा उतरतो? मराठीत एक म्हण आहे : ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’. दोष एकीकडे आणि उपाय भलतीकडे, असे होऊ नये म्हणून आधी तपासणी करायची. तीही सोप्या गोष्टीपासून अवघड गोष्टीकडे, स्वस्तापासून महागाकडे.

पहिला प्रश्न : गाडी केव्हा तापते?
उभी असताना किंवा गर्दीत हळू चालताना तापत असेल, तर पंख्याकडे पाहा. गाडी पळते तेव्हा समोरून वारा मिळतो. उभी असताना सगळी भिस्त पंख्यावर असते. याउलट, गावात ठीक आणि महामार्गावर वेगात तापत असेल, तर रेडिएटरवर संशय घ्या. वेगात उष्णता जास्त निर्माण होते आणि चोंदलेला रेडिएटर ती पुरती बाहेर टाकू शकत नाही.

दुसरा प्रश्न : पाणी कमी होते का?
गाडी रात्री उभी करताना खाली जुने वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागद कुठे ओला झाला आहे ते पाहा. त्याच्या वरच गळती शोधा. नळी चिरलेली असेल, रेडिएटर झिरपत असेल किंवा पंप गळत असेल. कागद कोरडा असूनही पाणी रोज कमी होत असेल, तर ते इंजिनाच्या आत जात असण्याची शक्यता आहे.

तिसरा प्रश्न : पट्टा ताणलेला आहे का?
अनेक जुन्या गाड्यांत एकच रबरी पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि वीज तयार करणारा डायनामो फिरवतो. इंजिन बंद असताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. तो साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. काटा चढताना बॅटरीचा तांबडा दिवाही लागला, तर समजा की पट्टा सैल आहे किंवा तुटला आहे.

चौथा प्रश्न : पाणी फिरते का?
इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची लहानशी झडप असते. इंजिन गार असताना ती बंद असते आणि पाणी सुमारे ८० अंशांवर तापले की उघडते. काटा वर चढला, तरी वरची नळी गारच असेल, तर झडप अडकली असावी. झडप बाहेर काढून गरम पाण्याच्या भांड्यात सोडली, की ती उघडते की नाही हे डोळ्यांनी दिसते. काहीजण ही झडप कायमची काढून टाकतात. ते योग्य नाही. मग इंजिनाला हवी तेवढी ऊब येण्यास उशीर लागतो आणि पेट्रोल अधिक जळते.

पाचवा प्रश्न : रेडिएटर मोकळा आहे का?
बाहेरून जाळीत किडे, धूळ आणि धानाचे तूस अडकते. आतून क्षारांचा थर बसतो. इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, जाणकार मिस्त्री रेडिएटरजवळ हात नेऊन पाहतो. एखादा भाग गरम आणि एखादा गार लागला, तर गार भागातल्या नळ्या चोंदल्या आहेत असे समजावे.

हे सर्व प्रश्न तुम्ही मामूंना विचारा. मामू सांगतात : गावात गाडी तापत नाही, महामार्गावर तापते. खाली कागद कोरडा राहतो आणि आजवर पाणीही कमी झाले नव्हते. पट्टा ठीक आहे, वरची नळी गरम आहे. मग मौद्यातील एक वयस्कर मिस्त्री रेडिएटर तपासतात. खालचा बराच भाग गार! ते मामूंना एकच गोष्ट विचारतात, “भाई, पाणी कुठले भरता?”

“घरच्या बोअरवेलचे.”

आता तुमच्या घरचा कूलर आठवा. उन्हाळा संपला की त्याच्या जाळीवर पांढरा, खरखरीत थर दिसतो ना? बोअरच्या जड पाण्यातले क्षार मागे उरतात, त्यांचाच तो थर. मामूंच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे तोच थर साचला होता. रेडिएटर काढून आतून साफ केला, थर्मोस्टॅट तपासून परत बसवला आणि काम झाले. हेड उघडावेच लागले नाही. खर्च कितीतरी कमी आला आणि लग्नसराई वाचली.

मात्र एक गोष्ट विसरू नका. वाफ दिसताच मामूंनी इंजिन बंद केले, म्हणून हेड वाचले. “आता मौदा जवळच आहे” म्हणून ते तसेच पुढे गेले असते, तर हेड वाकले असते आणि गॅस्केट जळाले असते. मग त्या पहिल्या मिस्त्रीचे बोलणे खरे ठरले असते! गॅस्केट गेल्याची लक्षणे अशी : धुरांड्यातून सतत दाट पांढरा धूर येतो, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात किंवा इंजिनाचे तेल दुधाच्या चहासारखे दिसते. यांपैकी काही दिसले, तर गाडी अजिबात चालवू नये.

यावर उपाय साधा आहे. रेडिएटरमध्ये शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड पाणी आणि योग्य प्रमाणात कूलंट घालावे. कूलंटमुळे गंज कमी चढतो आणि पाणी उशिरा उकळते. पण अनेक प्रकारचे कूलंट विषारी आणि चवीला गोड असते. ते लहान मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवा.

मुंबईत कुर्ला येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. अॅम्बॅसिडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. नव्या गाड्यांत पंखा बहुधा विजेवर चालतो आणि दोष शोधायला संगणक असतो. तरी उष्णतेचा नियम बदललेला नाही. मौद्याजवळच्या २३२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्रातही काम झालेली वाफ गार करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. यंत्र लहान असो वा मोठे, त्याची उष्णता बाहेर काढावीच लागते.

तुमच्यापैकी काहीजण दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतील. त्यांनी पाना उचलण्याआधी प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हत्यार पेटीत असते, पण निदान डोक्यात असावे लागते. एखाद्या मामूंची लग्नसराई त्यावरच अवलंबून असते.

शब्दार्थ
निदान – दोषाचे किंवा रोगाचे कारण ओळखणे
लक्षण – खूण
भिस्त – भरवसा, मदार
दट्ट्या – इंजिनात वरखाली होणारा भाग, पिस्टन
झडप – उघडझाप करणारे लहान दार
चोंदणे – आतून बंद होणे
जड पाणी – क्षार जास्त असलेले पाणी
तूस – धान्यावरचे टरफल
निवणे – थंड होणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मौदा कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) बर्था बेंझला वाटेत पुन्हा पुन्हा काय भरावे लागले?
(इ) मामूंच्या रेडिएटरमध्ये थर कशाचा बसला होता?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.
(आ) उन्हाळ्यात इंजिन लवकर तापते.
(इ) मामूंच्या गाडीचे हेड वाचले.

प्र. ३. जोड्या लावा.
‘अ’ गट : (१) उभी असताना गाडी तापते (२) वरची नळी गार राहते (३) तेल दुधाच्या चहासारखे दिसते
‘ब’ गट : (अ) गॅस्केट (आ) पंखा (इ) थर्मोस्टॅट

प्र. ४. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ या म्हणीचा अर्थ सांगा. अशाच अर्थाची उर्दू म्हण तुम्हांला आठवते का? ती वर्गात सांगा.

उपक्रम : तुमच्या गावातील गॅरेजला मोठ्या माणसांबरोबर भेट द्या. इंजिन बंद असताना रेडिएटर, पंखा व पट्टा पाहा. सैल बाही किंवा ओढणी पंख्यापासून दूर ठेवा. पाहिलेल्या गोष्टींवर मराठीत दहा ओळी लिहा.