बोका सूड उगवत नाही

‘पाहुणे आल्यापासून बोका मुद्दाम गादीवर लघवी करतो, आमच्यावर राग काढतो,’ ही मांजर पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार. मांजराला राग येतो, भीतीही वाटते. पण सूड घ्यायचा म्हणून ते गादी ओली करत नाही. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. तपासणीत जंतू सापडत नाहीत, खडा दिसत नाही, तरी लघवी थेंबथेंब होते, जळजळते, कधी रक्तही पडतं. ट्रेमध्ये बसलं की दुखतं, एवढंच मांजराच्या लक्षात राहतं. मग ते ट्रे टाळून मऊ जागा शोधतं. आपण ओरडलो की ताणात भर, आणि आजारातही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी या दुखण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. घरातली परिस्थिती बदलली की त्रास कमी होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं.

बोका पाळणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती तुंबू शकते. तो सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो, विव्हळतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा. पुष्कळ घरांत याला बद्धकोष्ठ समजून तूप चाटवत बसतात. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं.

एरवी ताण इतका उघड दिसत नाही. मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही, अर्धंच खातं, अंगाला हात लावू देत नाही. पोट किंवा मांड्या चाटून चाटून केस विरळ होतात आणि आपण खरजेचं मलम शोधतो. (बुरशी आणि पिसवा आधी तपासायच्याच.) कान बाजूला पडलेले, बुबुळं मोठी, शेपूट अंगाशी घट्ट, ही भीतीची देहबोली. गुरगुरण्यावर मात्र भिस्त ठेवू नका. दुखत असतानाही मांजर गुरगुरतं.

उपाय बहुतेक घरातलेच आहेत. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त ठेवावा, असा आमचा नियम. वन बीएचकेत हे ऐकून लोक हसतात, ते मला मान्य आहे. पण निदान ट्रे वॉशिंग मशीनच्या शेजारी नको, जेवणाच्या ताटलीजवळ नको आणि सुगंधी लिटर तर मुळीच नको. तो वास आपल्याला आवडतो, मांजराला नाही. कपाटावर एखादी जुनी चादर घालून उंचावरची जागा द्या. पाहुणे येणार असतील तर ट्रे, पाणी आणि खाणं एका शांत खोलीत हलवा आणि मुलांना तिथे जाऊ देऊ नका. लपलेल्या मांजराला ओढून काढू नका. काठीला पीस बांधून रोज थोडा वेळ शिकार खेळवा आणि लगेच खायला द्या. त्याच्याकडे पाहून डोळे सावकाश मिटून उघडा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं, की असं केल्यावर अनोळखी माणसाजवळही मांजर जास्त सहज जातं.

दिवाळीत खिडक्या लवकर लावून घ्या आणि पंखा व टीव्ही चालू ठेवा. घाबरलेलं मांजर गॅलरीतून उडी मारतं, म्हणून जाळी आधीच बसवा. फार घाबरत असेल तर औषधासाठी आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोला. माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आणि ‘भूक लागली की खाईल’ म्हणत थांबू नका. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर दवाखान्यात आणा. काही दिवसांच्या उपासाने, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागतं.