सी ड्राइव्ह भरला? फॉरमॅटचे पैसे देण्याआधी एवढे करा

चादरी-टॉवेलचा कारखाना असो, युनिफॉर्म शिवणारे युनिट असो की नवी पेठेतले दुकान, सोलापुरात हिशेबाचा कॉम्प्युटर बहुधा एकच असतो. त्यात 128 नाहीतर 256 जीबीची डिस्क, आणि तिच्यावरच टॅली, जीएसटीची रिटर्न्स, मालाचे फोटो असे सगळे. मग नेमके महिन्याच्या 20 तारखेला, 3बी भरायच्या वेळी, सी ड्राइव्हची पट्टी लाल होते. कुणीतरी सांगतो, 'फॉरमॅट मारून घ्या.' फॉरमॅटला साधारण 300 ते 500 रुपये लागतात. पण त्यात खरे नुकसान पैशांचे होत नाही, डेटाचे होते.

टॅलीप्राइम बसवताना जागा बदलली नसेल, तर कंपनीचा डेटा सी ड्राइव्हवरच, युजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हेही सीवरच. त्यामुळे 'डी तसाच ठेवतो, फक्त सी उडवतो' या बोलण्यावर निश्चिंत राहू नका. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपणे जीएसटी कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून पहिला खर्च पेनड्राइव्हचा किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कचा. टॅलीत ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर होतो का, ते तपासा. डीवर ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले.

यानंतरची सफाई फुकट आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असे जाऊन 'टेम्पररी फाइल्स' उघडा. विंडोज अपडेटची जुनी रद्दी, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, थंबनेल्स यांवर बिनधास्त टिक करा. मात्र त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असते. तिथली टिक आधी काढा, कारण ई-वे बिलांच्या पीडीएफ आणि 2बीच्या एक्सेल फाइल्स तिथेच उतरलेल्या असतात. रिसायकल बिन एकदा नजरेखालून घालून मगच रिकामा करा. विंडोज नुकतेच अपग्रेड केले असेल तर 'विंडोज डॉट ओल्ड' बरेच जीबी अडवून बसते. ते काढले की जुन्या विंडोजवर परतता येत नाही. एरवी साधारण दहा दिवसांनी ते आपोआप जाते. विंडोज, विनएसएक्सएस, प्रोग्रॅमडेटा या फोल्डरांत हाताने काहीही उडवू नका; तिथे वाचलेले चार जीबी महागात पडतात.

जागा मोकळी करून देतो म्हणणारे क्लीनर सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. विंडोजमध्ये जे आधीपासून आहे, त्याचेच ते पैसे घेते. रजिस्ट्री साफ करून जागा जवळपास काहीच सुटत नाही, बिघाड मात्र होऊ शकतो.

फोटो भरमसाट असतील तर गूगलची 15 जीबी जागा फुकट आहे. 100 जीबीचा प्लॅन महिना 130 किंवा वर्षाला 1,300 रुपयांना मिळत आला आहे. घेण्याआधी चालू दर पाहा. पण एक लक्षात ठेवा. सिंक चालू असताना कॉम्प्युटरवरची फाइल डिलीट केली तर ती क्लाउडवरूनही जाते.

एवढे करूनही 20 जीबी सुटत नसतील, तर दर महिन्याला झाडलोट करण्यापेक्षा मोठी एसएसडी बसवणे शहाणपणाचे. तिचे भाव सारखे बदलतात, म्हणून दोन-तीन दुकानांत एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या डिस्कचा भाव 18 टक्के जीएसटी धरून विचारा. जुन्या डिस्कचे क्लोनिंग करून मागा, म्हणजे टॅली, प्रिंटर, डिजिटल सही पुन्हा बसवत बसावे लागत नाही. क्लोनिंगची मजुरी वेगळी असते; ती आधीच ठरवा. जुनी डिस्क मात्र दुकानात सोडू नका, तुमचा सगळा हिशेब तिच्यावर असतो.

मशीन दुकानात द्यायचेच झाले, तर काम काय, मजुरी किती आणि डेटा कोण जपणार, हे पावतीवर लिहून घ्या. पक्के बिल मागा. ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले किंवा बिल नाकारले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.